भाकरीचा तुकडा ते डब्यातलं बिस्किट: कुत्र्याच्या खाऊची गोष्ट

आजच्या भागात आपण एका साध्या वस्तूचा इतिहास बघणार आहोत. ती वस्तू म्हणजे कुत्र्याचं बिस्किट.

इथे अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आता कुत्रा आहे. अशा घरी उन्हाळ्यात भारतातून आजी आली की एक वाद ठरलेला. आजी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे टाकते आणि नातवंडं ओरडतात, "आजी, माणसांचं खाणं त्याला द्यायचं नसतं!" जन्मभर दारातल्या कुत्र्याला भाकरी घातलेली बाई मग गप्प बसते. हा नियम आला तरी कुठून, आणि आहे तरी किती जुना?

जुना मुळीच नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक वॅरोने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचं खाणं माणसाच्या खाण्याशी जवळचं असतं, असं सांगून त्याने दुधात कुस्करलेली सातूची भाकरी द्यायचा सल्ला दिला. आपल्याकडे तर संत नामदेवांची कथा घराघरात माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. हजारो वर्षं कुत्रा जेवला तो माणसाच्याच चुलीवरचं.

बदल झाला १८६० च्या सुमारास, लंडनमध्ये. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकेत विजेचा धंदा करणारा माणूस तिथे वीजरोधक विकायला गेला होता. गोदीत खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली, अशी गोष्ट सांगतात. ती बिस्किटं म्हणजे पीठ आणि पाणी भाजून केलेला, महिनोन् महिने टिकणारा जहाजावरचा शिधा. स्प्रॅटने त्यात बीट, भाज्या आणि वाळवलेलं मांस घातलं आणि खास कुत्र्यांचं म्हणून ते विकायला काढलं. म्हणजे कुत्र्याचं पहिलं प्रसिद्ध बिस्किट हे मुळात माणसाचंच खाणं होतं!

माझं शिक्षण एमबीएचं, त्यामुळे माल विकला कसा गेला याकडे माझं आधी लक्ष जातं. ज्यांच्याकडे पैसा होता आणि प्रतिष्ठेची हौस होती, अशा जातिवंत कुत्री पाळणाऱ्यांकडे स्प्रॅटची कंपनी आधी गेली. चार्ल्स क्रफ्ट हा तरुण तिथेच नोकरीला लागला, आणि त्यानेच पुढे १८९१ मध्ये लंडनला आपल्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं. ते 'क्रफ्ट्स' आजही भरतं. बिस्किट आणि प्रतिष्ठा अशी एकत्र बांधली गेली.

अमेरिकेत १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या एफ. एच. बेनेट कंपनीने हाडाच्या आकाराचं बिस्किट आणलं. तेच आपल्या दुकानातलं मिल्क-बोन. १९३१ मध्ये ते नॅबिस्कोने घेतलं, आणि माणसांची बिस्किटं पोचवणाऱ्या विक्रेत्यांच्या जाळ्यातून ते किराणा दुकानांत गेलं. त्याआधी १९२२ मध्ये डबाबंद घोड्याचं मांस बाजारात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात डब्यांचा पत्रा मिळेना, मग कोरड्या खाण्याने जोर धरला.

पण एक स्पर्धक उरलाच होता, आणि तो फुकट होता. घरातलं उरलंसुरलं अन्न! १९५८ मध्ये इथल्या उत्पादकांनी पेट फूड इन्स्टिट्यूट ही संघटना काढली. १९६० च्या दशकात ताटातलं अन्न कुत्र्याला घालणं धोक्याचं आहे, हा प्रचार जोरात झाला. नातवंडांच्या तोंडचं वाक्य साधारण तेवढंच जुनं आहे.

मग तो सगळा प्रचार खोटा होता का? तसंही नाही. रोजच्या जेवणात सगळी पोषणद्रव्यं योग्य प्रमाणात लागतात आणि ती घरी जुळवणं कठीण असतं. चांगल्या तयार खाण्याने तो प्रश्न सोडवला. पण कारखाना म्हणजे खात्री, असंही नाही. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन सापडलं, आणि या देशात लाखो डबे आणि पाकिटं परत मागवावी लागली. अनेक कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यानंतर बरेच लोक पुन्हा आपल्या ओट्याकडे वळले.

मला सुचणारी तडजोड अशी. जेवण पशुवैद्य सांगतील ते, आणि खाऊ घरचा. खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवला की पोषणाचा तोल बिघडत नाही, आणि महागडं पाकीटही वाचतं.

कृती लिहून घ्या. एक कप ज्वारीचं पीठ, अर्धा कप उकडून कुस्करलेलं रताळं आणि एक अंडं. मीठ, साखर, मसाला काही नको. लागेल तसं पाणी घालून घट्ट मळा, जाडसर लाटा, लहान चौकोन कापा. ओव्हनमध्ये ३५० अंश फॅरनहाइटला पंचवीस-तीस मिनिटं भाजा, मग ओव्हन बंद करून आतच वाळू द्या. पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. पहिल्या दिवशी एकच तुकडा द्या आणि पोटाला मानवतोय का बघा.

आता आजीलाही सांगायचं ते. आपल्या स्वयंपाकघरात कुत्र्याला खरंच घातक गोष्टी आहेत. कांदा आणि लसूण, म्हणजे फोडणीची आमटी-भाजी बाद. मनुका आणि द्राक्षं, म्हणजे प्रसादाचा शिराही बाद. चॉकलेट नको. झायलिटॉल ही बिनसाखरेची गोडी काही पीनट बटरमध्ये असते, तेव्हा बरणीवरचं लेबल वाचा. आणि नामदेवांची क्षमा मागून तुपाची वाटीही लांबच ठेवा, कारण फार स्निग्ध खाल्ल्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

साध्या भाकरीचा छोटा तुकडा मात्र या यादीत नाही. तेव्हा पुढच्या वेळी आजीचा हात अडवण्याआधी तिच्या हातात काय आहे ते बघा. बिनमिठाची भाकरी असेल, तर घालू द्या.

ऐकत राहा, आणि आपल्या घरातल्या चार पायांच्या मंडळींना आमचा नमस्कार सांगा.