देवळी, तसबीर आणि सिमेंटची भिंत
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दसरा जवळ आला की आमच्या भोकर भागातल्या खेड्यांत एक दृश्य हमखास दिसायचं. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका रांगेनं गावाबाहेरच्या खाणीकडे निघालेल्या असायच्या. टोपलीत येणारी ती पांढरी माती. ती रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्याच्या बोळ्यानं भिंतीवरून फिरवायची. याला म्हणायचं पोतारणं. जमीन सारवायची शेणानं आणि भिंत पोतारायची मातीनं. या दोन्ही कामांत शब्दांची गल्लत कोणी करत नसे. या सगळ्याला पैसा लागत नव्हता, असं आपण सहज म्हणून जातो. पण माती खणताना वरची दरड कोसळून बायका दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात सणांच्या तोंडावर अनेकदा छापून आल्या आहेत. फुकटच्या सजावटीचीही किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा बाईनं मोजलेली असते.

घरसजावट म्हटलं की आज डोळ्यांसमोर पडदे, भिंतीचे स्टिकर, प्लास्टिक पेंटचं रंगांचं पुस्तक उभं राहतं. ‘तुमच्या बजेटमध्ये बसणारं’ असं त्यावर लिहिलेलंही असतं. जणू काही गरिबाला घर सजवायची परवानगी आत्ता कुठे मिळाली! आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांचा इतिहास थोडा निराळं सांगतो. मी आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात गढीपासून करू, कारण सगळ्यांची नजर आधी तिकडेच जाते. देशमुख-देशपांड्यांच्या गढ्या आणि वाडे म्हणजे बाहेरून दगडमातीचा उंच, जवळजवळ आंधळा कोट. आत ढाळज, ढाळजेतून चौक आणि चौकाभोवती सागवानी खांब. सागवान किनवटच्या जंगलातलं. खांबाच्या माथ्यावर कोरलेल्या कमळात, पोपटात सुताराचा हात दिसतो. दिवाणखान्यात हंड्या-झुंबरं, बिलोरी आरसे. निजामाच्या राज्यात हैदराबाद ही आपली राजधानी होती, त्यामुळे शौकही तिकडूनच यायचे. बिदरी कामाचा हुक्का किंवा पानदान घरात असणं ही प्रतिष्ठेची खूण. आज बिदर कर्नाटकात आहे म्हणून ते परकं वाटतं. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. बिदरचं काम म्हणजे जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यावर कोरून ठोकून बसवलेली चांदीची तार आणि मग किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून आणलेला काळा रंग. चांदी तशीच पांढरी राहते, बाकीचं काळंभोर होतं. मातीनंच एक भिंत पांढरी करायची आणि मातीनंच एक भांडं काळं करायचं, असा हा आपला मुलूख.

भोकरला मात्र बिदरपेक्षा निर्मल जवळचं. भैंशावरून गेलं की निर्मल. तिथल्या हलक्या लाकडाची रंगीत फळं, भाज्या, पक्षी इकडच्या घरांतही आले. देशमुखाच्या कपाटात बिदरीची सुरई असेल, तर खालच्या आळीतल्या घरात कोनाड्यात निर्मलचं लाकडी सीताफळ असायचं. खरं सांगायचं तर मला ते सीताफळच जास्त आवडतं.

आता साध्या घरात येऊ. आपल्याकडचं घर म्हणजे माळवद. घराचं माप फुटांत नाही, खणांत. दोन खणांचं, पाच खणांचं, सात खणांचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचा, त्यावर तरवडाचा किंवा लिंबाचा पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. छतात मधोमध उजेडासाठी साणं. त्यातून खाली येणारा उन्हाचा कवडसा हे घरातलं घड्याळही. भिंती दोन-अडीच फूट जाड. एवढ्या जाड भिंतीचं करायचं काय? तर तिच्यातच घर वसवायचं! दिव्यासाठी देवळी, पोथीसाठी कोनाडा, डब्यांसाठी फडताळ, धान्यासाठी बळद आणि कपड्यांसाठी खुंट्या. टेबल-कपाट विकत आणायची गरज नव्हती. भिंत हेच फर्निचर होतं. देवळीची कमान किती नाजूक, तिच्याभोवती गेरूची वेलबुट्टी काढली आहे की नाही, यावरून घरच्या बाईचा हात ओळखला जाई.

सजावट कायमची नसायची, ती सणावारानं बदलायची. श्रावणात जिवतीचा कागद चिकटायचा. नागपंचमीला भिंतीवर नाग. मग महालक्ष्म्यांची आरास. दिवाळीत दारापुढे शेणाच्या गवळणी. लग्न निघालं की बाहेरची भिंत रंगायची: हत्ती, घोडा, वाजंत्री, दाराच्या दोन्ही बाजूंना चोपदार, नवरा-नवरीची नावं आणि तिथी. पडक्या घराच्या भिंतीवर अशी अर्धवट पुसलेली अक्षरं मी थांबून वाचतो. इतिहासाचे अभ्यासक ताम्रपट शोधतात आणि ते शोधलेच पाहिजेत. पण सामान्य माणसाच्या घरातल्या मंगलकार्याचा शिलालेख तो हाच. पोपडा निघालेल्या भिंतीकडे नीट पाहिलं तर थरावर थर दिसतात. वर गुलाबी, त्याखाली नीळ घातलेला चुना, त्याखाली पांढरी माती. एकेक थर म्हणजे एकेका काळची ऐपत.

भिंतीवर तसबीर केव्हा आली, हाही एक गमतीचा विषय आहे. पुण्यात चित्रशाळा १८७८ साली निघाली. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. तोवर देव देवळात, किंवा फार तर देव्हाऱ्यात टाकाच्या रूपात. आता लक्ष्मी-सरस्वती रंगीत कागदावर छापून घरोघर निघाल्या. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि नांदेडच्या बाजारात मुंबईचा माल उतरू लागला. त्यात तसबिरी होत्या, आरसे होते, पुढे कंदील आले. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ साली उभा राहिला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेला. कंदील आला तेव्हा देवळीचं काम निम्मं संपलं. ती काळी पडलेली रिकामी राहिली. मग तिच्यात लहानसा गणपती बसला, फणी बसली, कुंकवाचा करंडा बसला.

भिंतीवर कोणाची तसबीर लावायची, हा नुसता आवडीचा प्रश्न नव्हता. रझाकारांच्या काळात गांधीजींचा फोटो उघड लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर गांधी-नेहरू आणि स्वामी रामानंद तीर्थ ओसरीवर मोकळेपणानं झळकू लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्यातले जुने देव उतरले, त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. गावाबाहेरच्या एका खणाच्या घरात, पोतारलेल्या भिंतीवर एकच तसबीर. तिला आपण सजावट म्हणायचं का? मी म्हणेन, हो. घरात येणाऱ्याला आम्ही कोण आहोत हे पहिल्या नजरेत सांगणं, हे सजावटीचं सर्वांत जुनं काम आहे. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा ती घरं त्यांच्या भिंतींसकट गेली. घर सजवण्याचा इतिहास सांगताना ही पानं गाळता येत नाहीत.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं. पितळेची घागर मोडीत देऊन स्टीलचे डबे घ्यायचे, त्यावर नाव-तारीख टाकून घ्यायची आणि फळीवर उतरत्या क्रमानं मांडायचे. हे डबे पुष्कळदा रिकामेच असत. रेडिओ आला तेव्हा त्याला क्रोशाचा रुमाल आला. (आपण आत्ता जे ऐकताय, त्या यंत्रावरही घरात कोणीतरी एकदा पांघरूण घातलं असेल!) मण्यांची तोरणं, फुटक्या बांगड्यांच्या माळा, सॅटीनवर भरलेला पोपट आणि त्याखाली ‘सुस्वागतम्’. जुन्या लुगड्यांची वाकळ. तांड्यावरच्या लमाण बायकांचं आरसे नि कवड्यांचं काम तर आता शहरातल्या दुकानांत मोठ्या किमतीला विकलं जातं. ज्यांनी ते काम चालवलं, त्यांनी ते विकण्यासाठी केलेलं नव्हतं.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच संपत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली, सुमारे आठ हजार माणसं गेली. भोकर तिथून खूप दूर. तरी आमच्या फळीवरचे डबे वाजले होते.

भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता. सहाच्या थोडा वर. मग एवढी माणसं कशी गेली? अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा जे पुढे आलं ते ऐकून अंगावर काटा येतो. माणसं मारली ती आपल्या लाडक्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या मातीनं. भिंत दिसायला अडीच फूट. पण खरं म्हणजे आत एक, बाहेर एक अशा दगडांच्या दोन भिंती, मध्ये चिखल आणि गोटे. दोन्हींना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला की ती मधोमध फाटायची, एक पाख आत, एक बाहेर. वर छत. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर द्यायची रीत. असं करता करता ती माती कुठे फूट, कुठे दोन फूट झालेली. वर्षानुवर्षं घराची काळजी घेतली, ती टनावारी होऊन डोक्यावर बसली होती. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र बऱ्याच घरांत उभा राहिला होता, हेही पाहणाऱ्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे सुताराचं काम तरलं. गवंड्यानं हात आखडला होता तिथे घात झाला.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. उद्ध्वस्त गावं नव्या जागी वसली. घरं जमीनधारणेप्रमाणे दिली गेली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. खणांची भाषा संपली, चौरस फुटांची सुरू झाली. रस्ते सरळ, घरं एकसारखी. जिथे गावं हलवली नाहीत तिथे जुनी घरं मजबूत करण्याचंही काम झालं: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे आधार द्या, दारावर काँक्रीटचा पट्टा फिरवा. माझ्या मते हे काम अधिक शहाणपणाचं होतं. पण त्याचं कौतुक फार झालं नाही. ज्यांनी रात्री ढिगाऱ्यातून आपली माणसं ओढून काढली, त्यांना पुन्हा दगडमातीच्या भिंतीजवळ झोप कशी लागणार? त्यांनी सिमेंट मागितलं. त्यांना दोष देणारा मी कोण?

नव्या वस्त्यांतल्या घरांत मी पुढे काही वर्षांनी गेलो. भिंती पातळ. खिळा मारला की वाकतो. दिवा ठेवायला देवळी नाही, उतरंड मांडायला कोपरा नाही, उन्हाळ्यात छत तापतं. पण माणसं स्वस्थ बसलेली नव्हती. दारापुढे ओटा घातलेला. पडवीवर पत्रा ओढलेला. सिमेंटच्या भिंतीवर हिरवा ऑइलपेंट कमरेपर्यंत आणि वर गुलाबी. लोखंडी मांडणीत तेच उतरत्या क्रमानं डबे. आणि जवळपास प्रत्येक घरात, दारासमोर नजर जाईल अशा जागी, हार घातलेले फोटो. एका ओळीत चार, कुठे सहा. सर्वांखाली तारीख एकच. जिवतीचा कागद शेजारीच चिकटवलेला होता.

आमच्या भोकरच्या घराचं माळवद आम्ही पुढे उतरवलं. नव्या घराचं काम चालू असताना आईनं गवंड्याला सांगितलं, माजघरात देवळी ठेव. तो म्हणाला, भिंत साडेचार इंचांची आहे, माय, देवळी कशी बसेल? बरीच घासाघीस झाली. शेवटी तेवढ्या भागात त्यानं नऊ इंची वीट लावली, तीही आमच्या इंजिनिअरला न विचारता. देवळी चार इंच खोल झाली. दिव्याच्या काजळीनं नवा रंग खराब होऊ नये म्हणून आत एक पांढरी टाइल बसवली आहे. दिवाळीत आई त्या टाइलच्या कडेनं गेरूचं बोट फिरवते. फरशीवर गेरू धरत नाही, दुसऱ्या दिवशी पुसला जातो; ती पुन्हा फिरवते.