नऊ वजा एक : इंग्रजीचं व्याकरण आपल्या घरी कसं आलं

आजचा भाग वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही, त्यांचीही सोय.

मी उर्शाचा. मावळातलं उर्से. एक्स्प्रेस-वेवरून गेला असाल तर टोलनाक्यामुळे नाव ऐकलं असेल. तीन वर्षांपूर्वी इथल्याच जवळच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. म्हणाले, स्वतःबद्दल शंभर शब्द लिहा, इंग्रजीत. मी लिहिले. त्यांनी लाल पेनाने सात ठिकाणी गोल केले. सातपैकी पाच ठिकाणी चूक एकच होती. कुठे ‘द’ राहिला होता, कुठे ‘अ’. साहेब हसले आणि म्हणाले, “मराठी मीडियम का?”

नोकरी मिळाली नाही, ते एक वेळ ठीक. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मराठीत शिकलो म्हणून माझं इंग्रजी कच्चं, हे खरं आहे का?

घरी आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं पुस्तक होतं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, भाग पहिला. लेखक द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. एकूण तीन भाग. नियम मराठीत समजावायचा, शब्द द्यायचे, मग वाक्यं द्यायची : इंग्रजीतून मराठीत करा, मराठीतून इंग्रजीत करा. आजोबांना शाळेत इंग्रजी आठवीत भेटलं, वडिलांना पाचवीत. माझ्या पिढीला पहिलीपासून, कारण जून २००० पासून सरकारने मराठी शाळांतही पहिलीला इंग्रजी आणलं. तरीही आजोबांचं पत्र माझ्या त्या कागदापेक्षा नीट असायचं. का, ते शोधताना मी दोनशे वर्षं मागे गेलो.

सुरुवात होते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात. लिंडले मरे नावाचा एक अमेरिकन वकील तिथे जाऊन राहिला होता. मुलींच्या एका शाळेला व्याकरणाचं सोपं पुस्तक हवं होतं, म्हणून त्याने ते लिहिलं. साल १७९५. पुस्तक एवढं चाललं की इंग्रजी जिथे जिथे शिकवलं जाई, तिथे तिथे ते पोहोचलं. मुंबईतही आलं.

मुंबईत ते शिकणाऱ्यांत एक मुलगा होता, दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४. (आडनाव तेच असलं तरी पाठमालावाले वेगळे आणि हे वेगळे, गल्लत करू नका.) इंग्रजीला असं मांडलेलं व्याकरण आहे, मग मराठीला का नको? दादोबांनी मरेच्या धर्तीवर मराठीचं व्याकरण लिहिलं आणि ते १८३६ मध्ये छापून आलं. तेव्हा त्यांचं वय होतं बावीस. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

आता गंमत बघा. शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती घोकल्या : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. मला वाटायचं हे संस्कृतातून आलं असणार. पण संस्कृतातल्या जुन्या निरुक्तात शब्दांचे प्रकार चारच : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आठांची ही चौकट इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची आहे. मरेच्या पुस्तकात प्रकार आहेत नऊ. नववा कुठला? आर्टिकल. म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’. मराठीत आर्टिकल नाहीच. नऊ वजा एक, आठ.

हे कळलं तेव्हा मी अक्षरशः थांबलो. माझ्या कागदावरचे पाच लाल गोल त्या वजा झालेल्या एकाचे होते! उरलेले आठ खण मला पाचवी-सहावीतच मराठीत पाठ झाले होते. मी शून्यापासून सुरू करत नव्हतो. एक खण रिकामा होता आणि तो रिकामा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अर्थात चौकट जशीच्या तशी बसत नाही. पहिला फरक सोपा. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, वर हा शब्द मागून जोडतो. इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो. दुसरा फरक मात्र अनेकांना पाडतो. ‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलीने पोळी खाल्ली’. क्रियापद कुणाकडे बघून बदललं? मुलीकडे नाही, आंबा आणि पोळीकडे. म्हणून आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. मग आपल्यातलाच कुणी ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ एवढं पाठ करतो आणि इंग्रजीत ‘द मँगो वॉज ईटन बाय द गर्ल’ लिहून बसतो. मीही बसलोय. खरं तर मराठीत हे रोजचं साधं बोलणं आहे. इंग्रजीत ते साधंच ठेवायचं : ‘द गर्ल एट द मँगो’. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही प्रयोगांवर भरपूर चर्चा आहे. तेव्हा गोंधळ फक्त तुमचा-माझा नाही.

हीच गोष्ट विरामचिन्हांची. आमच्याकडे जमिनीचे जुने मोडी कागद आहेत. शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, एक ओळ सुरू झाली की चाललीच. छापील मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह रुजवण्याचं श्रेय थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. मोल्सवर्थसोबत शब्दकोशाचं काम करणारे ते हेच कँडी. म्हणजे इंग्रजी वाक्यात कॉमा कुठे द्यायचा याचं निम्मं शिक्षण तुम्हाला मराठीच्या तासालाच मिळालंय.

आणि निबंध? पुण्यात जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं. ८४ अंक निघाले, बहुतेक मजकूर एकहाती. जॉन्सन, मेकॉले, अ‍ॅडिसन हे इंग्रज लेखक त्यांनी पचवले होते. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याची गोष्ट त्यांच्याच नावावर सांगतात. पण ते दूध पिऊन पहिला निबंध लिहिला तो मराठी भाषेच्या स्थितीवर! त्यांच्या कितीतरी मतांशी माझं जमत नाही. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेतली : एक मुद्दा धरायचा, त्याची बाजू मांडायची, समोरच्याचा आक्षेप आधीच ओळखून उत्तर द्यायचं. मुलाखतीच्या कागदावर मी काय केलं होतं? नाव, गाव, शिक्षण, छंद. मुद्दा कुठेच नव्हता. ती चूक इंग्रजीची नव्हती. मराठीत लिहिलं असतं तरी ते तेवढंच फिकं झालं असतं.

साहित्यातल्या संज्ञांना तर घाबरूच नका. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, अ‍ॅलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. ही यादी आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त नावं जोडून घ्यायची.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. हे शिकायला कुणाला मिळालं? बराच काळ थोड्यांनाच. म्हणून सावित्रीबाई फुल्यांचं १८५४ चं ‘काव्यफुले’ मला महत्त्वाचं वाटतं. त्यात इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविता आहेत, इंग्रजीला माऊली म्हणणारी कविता आहे. त्या कविता मराठीत आहेत, हे लक्षात घ्या. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांना त्या त्यांच्याच भाषेत सांगत होत्या की ही दुसरी भाषाही तुमचीच आहे.

आता माझं सांगतो. रोज रात्री पाठमालेची दहा वाक्यं करतो. नामाआधी थांबून एकच प्रश्न विचारतो : ऐकणाऱ्याला कुठला ते माहीत आहे का? माहीत असेल तर ‘द’. माहीत नसेल आणि वस्तू एक असेल तर ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’. सगळीकडे हे पुरत नाही, पण माझे बरेच लाल गोल यानेच गेले. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी नोकरी लागली. तिथेही कागद लिहायला दिला होता. दोन गोल आले.

“मराठी मीडियम का?” असं आता कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. “हो सर. नवातले आठ तिथेच शिकलो. नववा शिकतोय.”

तुमचा अडलेला खण कुठला, ते मला व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. मराठीत सांगितलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!