विशेषणाची विभक्ती : जर्मन 'गूट' आणि मराठी 'चांगला'

1866 ते 1881 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे फ्रान्ट्स कीलहॉर्न हे जन्माने जर्मन. त्यांचे संस्कृत व्याकरण 1870 मध्ये प्रसिद्ध झाले. पातंजल महाभाष्याच्या संपादनाचे कार्यही त्यांचेच. विशेषणाने विशेष्याचे लिंग, वचन व विभक्ती ही तिन्ही स्वीकारावीत हा संस्कृताचा दंडक. कीलहॉर्न यांच्या मातृभाषेत मात्र 'गूट' (चांगला) हे विशेषण विधेयस्थानी आले की कसलाही विकार घेत नाही : 'डेर वाइन इस्ट गूट'. नामापूर्वी आले की ते विकारते, आणि तेही मागील उपपदाकडे पाहून. 'आइन गूटर वाइन' यात पुल्लिंगाची खूण विशेषणाने वाहायची. 'डेर गूटे वाइन' यात ती उपपदाने आधीच वाहिलेली असते. या द्विविध रूपांना याकोब ग्रिम यांनी 'सबल' आणि 'दुर्बल' ही नावे रूढ केली. त्यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग 1819 मध्ये गोटिंगेन येथे निघाला. पुणे सोडल्यावर कीलहॉर्न गेले ते त्याच नगरीतल्या विद्यापीठात.

मराठीची गोष्ट निराळी. 'घर चांगले आहे' येथे विधेयस्थानीही लिंगवचन टिकते. पण 'चांगल्या माणसाने', 'चांगल्या भाकरीने', 'चांगल्या दुधाने' यांत तिन्ही लिंगे एकाच रूपात विरतात. जर्मन दुर्बल रूपाची चाल नेमकी हीच : 'मिट डेम गूटन वाइन', 'मिट डेर गूटन मिल्ख', 'मिट डेम गूटन ब्रोट'. तेथे भार उपपदाने उचलला, येथे नामाच्या प्रत्ययाने. ('सुंदर', 'लाल' यांसारखी अविकारी विशेषणे या हिशेबात येतच नाहीत.)

मग 'चांगल्या' ही तृतीया म्हणावी काय? विशेषणालाही विभक्ती असलीच पाहिजे हा आग्रह संस्कृताच्या साच्यातून येतो. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 चे, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे. या पाऊणशे वर्षांत मराठीचे व्याकरण संस्कृत आणि इंग्रजी या दोन साच्यांच्या ओढाताणीत घडले. दामल्यांनी पूर्वसूरींची परखड चिकित्सा केली. तरी साच्यांचा प्रश्न मिटला नाही, आणि 1964 मध्ये अरविंद मंगरूळकरांना 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' करावा लागला.

'चांगल्या' हे केवळ सामान्यरूप होय. विशेष्य गळाले की मात्र हेच विशेषण नामाची जागा घेते आणि प्रत्यय थेट त्यालाच लागतो : 'चांगल्यांना विचारा'.