अपराधांचे वर्गीकरण : कृत्य की जन्म?

१८६० च्या भारतीय दंड संहितेने अपराधांची विभागणी कृत्याच्या स्वरूपावरून केली. राज्याविरुद्धचे अपराध सहाव्या, मानवी शरीराविरुद्धचे सोळाव्या, तर मालमत्तेविरुद्धचे सतराव्या प्रकरणात आले. कृत्य सिद्ध झाल्यावाचून येथे कोणी अपराधी ठरत नाही. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवरच जन्मावरून गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागाही ३५८ कलमांच्या भारतीय न्याय संहितेने घेतली. तथापि, फासेपारधी समाजाकडे पाहणारी संशयाची दृष्टी कायद्याबरोबर संपली नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे या समाजाच्या मुलांसाठी निघालेल्या आश्रमशाळेचे नाव ‘प्रश्नचिन्ह’ असावे, हे म्हणूनच विचारणीय ठरते.