परवाना, प्रत आणि लिपी : संगणक-प्रणालीच्या सक्रियणाचा वनप्रदेशातून दिसणारा इतिहास

'परवाना' हा फारसीतून मराठीत स्थिरावलेला शब्द चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत एका विशिष्ट अर्थाने कानी पडतो. सागाचे झाड स्वतःच्या मालकीच्या शेतात वाढलेले असले तरी ते तोडावयास परवानगी लागते, लाकडावर हातोड्याची निशाणी उठवावी लागते, आणि गाडीसोबत वाहतुकीचा परवाना, लोकांच्या बोलीत 'टी.पी.', बाळगावा लागतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ६९ व्या कलमानुसार, एखादे वनोपज सरकारचे आहे की नाही असा वाद उत्पन्न झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच समजावयाचे असते. म्हणजे माल निर्दोष आहे हे दाखविण्याचा भार माल जवळ असणाऱ्यावर पडतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकाच्या संचालन-प्रणालीबरोबर जो परवाना या प्रदेशात आला, त्याचेही मर्म हेच होते; मात्र तो तपासणारा नाका दिसत नव्हता आणि त्या नाक्यावरील अधिकाऱ्याशी मराठीत वा माडियात बोलण्याची सोय नव्हती.

संगणकाची आज्ञावली ही विकावयाची वस्तू आहे, ही कल्पना मुळात फार जुनी नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि मोबदला न देता प्रती काढणे ही चोरी आहे, असे त्यात बजाविले. भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक-आज्ञावलीची गणना वाङ्मयीन कृतींत झाली. १९९४ च्या दुरुस्तीने, जी १९९५ च्या मे महिन्यात अमलात आली, बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणारासही कारावासाची तरतूद केली. येथे भाषेने एक अडचण उभी केली, तिची नोंद घ्यावयास हवी. मराठी मनुष्य 'विंडोज विकत घेतली' असे म्हणतो. करारपत्र मात्र ती विकलेली नसून केवळ वापरावयास दिलेली आहे असे सांगते. 'विकत घेणे' या क्रियापदात वस्तूवरील संपूर्ण सत्ता गृहीत असते. पुस्तक विकत घेतले की ते शेजाऱ्यास देता येते. त्या न्यायाने तबकडी शेजाऱ्यास देणाराला आपण काही गैर करीत आहोत असे वाटले नाही, यात नवल नाही. 'चाचेगिरी' हा भाषांतरित शब्द वृत्तपत्रांतच राहिला. बाजारात 'ओरिजिनल' आणि 'ड्युप्लिकेट' एवढाच भेद चालला, आणि दुकानदाराकडून 'फॉरमॅट मारून घेणे' या वाक्प्रचारात तर प्रत कोणती हा प्रश्नच उरला नाही.

२००१ च्या ऑक्टोबरात 'विंडोज एक्सपी' बाजारात आली आणि तिच्याबरोबर सक्रियणाची अट घरोघरी पोहोचली. पंचवीस अक्षरांची किल्ली दिल्यावर प्रणाली संगणकातील तबकडी, स्मृती, प्रक्रियक इत्यादी भागांवरून एक ओळख-क्रमांक तयार करी. तीस दिवसांच्या आत तो कंपनीकडे कळवून उत्तरादाखल मान्यता मिळवावी लागे. हे इंटरनेटवरून होई, अथवा दूरध्वनीवरून पन्नासांहून अधिक अंक वाचून दाखवून व चाळीसांहून अधिक अंक उतरून घेऊन. मुदत टळल्यास प्रणाली आत प्रवेश देत नसे. पुढे यंत्राचे बरेच भाग बदलले तर हा संस्कार पुन्हा करावा लागे.

नगरातील वापरणाराला हा पाच मिनिटांचा उपद्रव होता. भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात वारंवार तुटतो. एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांत त्या काळी दूरध्वनीच मुळात विरळ होता. तेथे तीस दिवसांची मुदत ही पैसे देऊन प्रत घेणारालाच बाधक होती. ज्याने किल्ली फुटलेली प्रत बसविली त्याला कोणास विचारण्याचे कारण नव्हते. मोठ्या संस्थांसाठी काढलेल्या एक्सपीच्या प्रतींना सक्रियण लागत नसे. तशाच एका प्रतीची किल्ली जगभर फुटली आणि २००२ च्या सुधारणा-संचाने ती नाकारीपर्यंत निर्वेध चालली. कुलूप प्रामाणिक माणसालाच अडविते ही तक्रार म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. २००७ च्या ऑगस्टात तर कंपनीच्या स्वतःच्या तपासणी-यंत्रणेत बिघाड होऊन रीतसर घेतलेल्या प्रतीही काही तास बनावट ठरल्या.

मराठीच्या दृष्टीने याहून गंभीर बाब वेगळीच होती, आणि तिचा उल्लेख सहसा होत नाही. विंडोजमध्ये देवनागरीचा युनिकोड-आधार २००० च्या आवृत्तीपासून होता. परंतु एक्सपीत तो आपोआप बसत नसे. नियंत्रण-पटलातून जटिल लिप्यांच्या फाइली मागवाव्या लागत आणि त्यासाठी प्रणाली मूळ तबकडी घालण्यास सांगे. तबकडी हाताशी नसली की जोडाक्षरे मोडकी दिसत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे न बसता पुढे पडे. इंग्रजी वाचणाराला परवान्याचा पुरावा एकदा द्यावा लागला. मराठी वाचणाराला आपल्या लिपीसाठी तो दुसऱ्यांदा द्यावा लागला. त्यापूर्वीची स्थिती अधिक कठीण होती. 'श्रीलिपी', 'आयएसएम' यांसारखे मराठी संच एका लहानशा यांत्रिक लॉकसह मिळत. तो संगणकाच्या मागे लावल्यावाचून संच चालत नसे, आणि एका फाँटातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हे होई. आपण लिहिलेला लेख आपणच वाचू शकत नाही, हा अनुभव त्या पिढीतील कित्येक छापखान्यांना आहे.

वनाकडे पुन्हा वळल्यास एक फरक ठळकपणे दिसतो. बांबू हा वनस्पतिशास्त्राने गवत. परंतु १९२७ च्या अधिनियमाच्या व्याख्येत तो वृक्षांत मोडे. एका शब्दाच्या व्याख्येमुळे गावकऱ्यांचा बांबू परवान्यात अडके, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यास मात्र तो दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज ठरविले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतुकीचे परवाने वनखात्याकडेच राहिले. अखेर २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्क कायम ठेवून परवाना देणारा हात बदलणे शक्य असते, हे या घटनेने दाखविले. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळण्यास मात्र २०१७ साल उजाडले.

संचालन-प्रणालीच्या बाबतीत असे हस्तांतर झाले नाही. पर्याय निघाला तो परवान्याची पायरीच नसलेल्या प्रणालींचा. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही मुक्त प्रणाली भारतीय भाषांसह प्रसिद्ध केली. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली निष्ठेने राबविली, तशी महाराष्ट्राने राबविली नाही. इकडील संगणक-शिक्षण बहुतांशी विंडोजच्या पडद्यावरच झाले. इकडे विंडोजने किल्लीचे रूप बदलले. २०१२ नंतरच्या तयार संगणकांत ती मुख्य पटलातच कोरलेली येऊ लागली, त्यामुळे नवे यंत्र घेणाराची दगदग पुष्कळच कमी झाली. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीने मात्र यंत्रात विशिष्ट सुरक्षा-घटक असल्याचीच अट घातली. दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा रीतसर किल्ली असूनही असंख्य जुनी यंत्रे दाराबाहेर राहिली.

याच सुमारास गोंडीच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या : मसराम गोंडी २०१७ साली, आणि चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावात हस्तलिखिते सापडलेली गुंजाळा गोंडी २०१८ साली. या दोहोंसाठी 'नोटो' मालिकेतील फाँट खुल्या परवान्याने उपलब्ध झाले. त्यांची प्रत काढून देण्यास कोणाची अनुमती लागत नाही, आणि ते बसविताना किल्लीही विचारली जात नाही.