डिझेल गाडीचा एक्झॉस्ट प्रेशर सेन्सर: बिघाड कसा ओळखावा?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, आला. या फिल्टरवर लक्ष ठेवणारा छोटा सेन्सर बिघडला की चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी पिकअप घेत नाही, आणि गॅरेजवाला सांगतो, ‘फिल्टर गेला, बदलावा लागेल.’ फिल्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. टुरिस्ट गाडीवर घर चालवणाऱ्याला हा खर्च झेपत नाही. म्हणून फिल्टरला हात लावण्याआधी सेन्सर तपासून घ्या, असं आम्ही सांगू.

सेन्सरला रबराच्या दोन नळ्या असतात, एक फिल्टरच्या आधीची, दुसरी नंतरची. दोन्हींच्या दाबातला फरक तो मोजतो. फरक वाढला म्हणजे काजळी साचली, असं समजून ईसीयू जादा डिझेल सोडून सुमारे ६०० अंशांवर ती जाळतो. सेन्सरनेच खोटं सांगितलं तर हे जाळणं वारंवार होतं किंवा होतच नाही. वारंवार आणि अर्धवट झालं तर न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर गाडी तशीच पळवू नका.

स्कॅनरवर पी २४५२ ते पी २४५५ यांपैकी कोड आला तर संशय सेन्सर, त्याची वायरिंग किंवा नळ्यांवर घ्यावा. पी २४६३ काजळी जास्त झाल्याचं सांगतो, पण तो आकडाही बऱ्याच अंशी याच सेन्सरच्या भरवशावर असतो, हे विसरू नये.

आता खरी तपासणी. इंजिन बंद, चावी ऑन: दाबाचा फरक शून्याच्या आसपासच दिसला पाहिजे. इंजिन बंद असताना दाब येणार कुठून? तरीही मोठा आकडा दिसत असेल तर दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढून पाहा. आकडा तसाच राहिला तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. मग मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट सप्लाय आणि अर्थ बघावा. दोन्ही ठीक, सिग्नलची वायरही शाबूत, तर सेन्सर गेला. शून्य बरोबर असेल तर इंजिन गरम करून रेस द्या. आकडा रेसबरोबर चढला-उतरला पाहिजे. जागचा हलत नसेल तर आधी नळ्या बघा. त्या उष्णतेने चिरतात, वितळतात, आतून काजळीने बुजतात. कित्येकदा आजार एवढाच असतो! नळी फुंकून साफ करताना ती सेन्सरवरून काढलेली असावी, हवेच्या प्रेशरने चांगला सेन्सरही फाटतो. परत लावताना अदलाबदल झाली तर आकडे उलटे येतात.

काही जण फिल्टरच काढून टाकायचा सल्ला देतात. तो बेकायदा आहे, आणि त्या धुराचा त्रास आपल्याच मोहल्ल्याला होतो.

नवा सेन्सर बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने जुनी नोंद रीसेट करावी लागते. ते काम पैसे देण्याआधी आपल्यासमोर करून घ्या.