पाण्याचे मोल, माणसाचे समाधान

सुट्टीच्या दिवशी पानशेतच्या तलावाकाठी शहरातल्या मोटारींची रीघ लागते. नौकाविहार, हॉटेले, फार्महाऊसे यांनी काठ गजबजतो. शहरातील माणूस येथे पैसे मोजून निवांतपणा मिळवतो. ज्यांची शेते या पाण्याखाली गेली, त्यांना तो निवांतपणा फुकटच लाभला होता. माणसाला जे खरोखर सुखी करते, त्याचेच मोल बाजार देतो काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस येथे पडतो.

शेजारच्या मुळशी खोऱ्याने तो फार पूर्वीच विचारला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती; त्यासाठी टाटा कंपनीने तेथे धरण बांधावयास घेतले. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला आणि सेनापती बापट त्यांचे अग्रणी झाले. परंतु बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांच्या लेखी जमीन म्हणजे रक्कम, म्हणून मोबदल्यावर त्यांचे समाधान झाले. कसणाऱ्याच्या लेखी तीच जमीन म्हणजे घर, दैवत, शेजार आणि पूर्वजांची माती. त्याचा भाव कोणत्याच वहीत नव्हता. १९२४ च्या सुमारास लढा विझला. धरण उभे राहिले.

असे का घडते? पाण्यावाचून जीव जगत नाही, तरी ते स्वस्त; हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी तो महाग. हे कोडे अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली मांडले. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी उकल केली, ती अशी: भाव वस्तूच्या एकूण उपयोगावर नव्हे, तर तिच्या दुर्मीळतेवर ठरतो. त्यात आम्ही एवढीच भर घालू, की तो घेणाऱ्याच्या खिशावरही ठरतो. रित्या खिशाची गरज बाजाराला ऐकू येत नाही.

तथापि बाजाराला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. मुळशीच्या विजेने गिरण्या चालल्या, हजारोंच्या चुली पेटल्या. पानशेतचे धरण तर सरकारने बांधले. विस्थापितांचे दुःख म्हणून हलके झाले नाही. दारिद्र्यालाच सुख म्हणणे हाही दांभिकपणाच होय.

पण १२ जुलै १९६१ चा दिवस आठवावा. आंबी नदीवरील हेच धरण पुरे होण्याआधीच फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. धरण फुटण्यापूर्वी जवानांनी वाळूच्या गोण्या रचून ते काही तास तोलून धरले. त्यामुळे लोंढा रात्रीऐवजी दिवसा आला आणि अनेकांना जीव वाचविता आला. पुरानंतर अनोळखी माणसांनी पूरग्रस्तांना आसरा दिला. त्या तासांची आणि त्या आसऱ्याची किंमत कोणी लावली?

१९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी बाजाराची उपयुक्तता मान्य केली. मात्र काही गोष्टी खरेदी-विक्रीच्या नसतातच, हेही बजावले. मुळशीच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. आपल्या घरी जमीन विकण्याची बोलणी निघतील, तेव्हा भावाआधी एवढेच विचारू या: या व्यवहारात आपण नेमके काय देऊन टाकीत आहोत?